वडिलांच्या वर्षश्राद्धाचे ४० हजार, आणि नंतर दर महिन्याचं काय?

यार्डातला_दिवाणजी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. वडील याच यार्डात तोलाईदार होते. पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध आहे. भावकी म्हणते तीनशे पानं उठली पाहिजेत. आई म्हणते एखाद्या आश्रमात गोडधोड घालू. मला स्वतःला काय वाटतं ते मलाच धड कळेना, म्हणून हा धागा.

४० हजार बाजूला काढलेत. त्यापुढं पगारातून महिन्याला हजार रुपये निघतील असं बायकोनं आणि मी ठरवलंय. प्रश्न असा, की द्यायचं कुणाला आणि कसं?

घोळ का घालतोय तेही सांगतो. आम्ही गावभागात राहतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावर फक्त देवघराची कमान दिसत होती. पाणी उतरल्यावर मदत आली नाही असं नाही, ट्रकच्या ट्रक आले. आईच्या वाट्याला एक गाठोडं आलं. त्यात एका पायाची चप्पल, चेन तुटलेली जीन्स आणि कुणाच्या तरी लग्नातला जरीचा कोट. वडील तो कोट घालून गाळात उभे राहिले आणि म्हणाले, "वरात कुठाय?" आम्ही पोट धरून हसलो. त्या रात्री मात्र ते जेवले नाहीत.

आम्हाला हवं काय होतं? खराटे, खोरं, पाटी, फिनेल, बादल्या, काडेपेटी. बायकांना आतले कपडे आणि पॅड. हे मागायचीही लाज वाटायची. त्याच आठवड्यात तासगावकडचे दोन बागायतदार द्राक्षावर औषध मारायचा एचटीपी पंप ट्रॅक्टरवर टाकून आले आणि आमच्या बोळातली सात घरं पाण्याच्या माऱ्यानं धुऊन दिली. चहाही न घेता गेले. तसा चहा करायला घरात काही नव्हतंच म्हणा.

तर मला तो कोट द्यायचा नाहीये. पंप द्यायचाय. तो कसा शोधायचा ते सांगा.

---

शंकेखोर

दिवाणजी, भावना पोचल्या. पण एक सांगतो, रागावू नका. या सगळ्या संस्था म्हणजे निम्मे पैसे ऑफिसात आणि पगारात जातात. त्यापेक्षा तीनशे पानं उठू द्या. निदान जेवलेला माणूस डोळ्यानं दिसतो.

---

मिरजेची_सिस्टर

३१ वर्षं मिरजेत नर्स होते, आता निवृत्त. आमच्या गावाला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगीच नाही. डॉ. वॉन्लेसांनी १८९४ मध्ये इथं काम सुरू केलं तेव्हापासून जत, आटपाडी, अथणी, विजापूर, कुठकुठून पेशंट येतात. पेशंटला खाट मिळते. त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला काय मिळतं? जिन्याखालची फरशी.

मी निवृत्त झाल्यावर तीन डबे सुरू केले. पोळीभाजीच, त्यात गोड काही नसतं. आठवड्यातून दोन वार माझे, बाकीचे वार गल्लीतल्या बायकांनी वाटून घेतलेत. डबा देताना मी एकच विचारते, "अजून काय अडलंय?" उत्तरं ऐकून थक्क व्हाल. कुणाला अंघोळीला जागा हवी असते, कुणाला फोनला चार्जर. एका आजोबांना फक्त कुणीतरी कन्नडमधून डॉक्टरांशी बोलायला हवं होतं.

आणि सगळ्यात जास्त अडतं ते कागदाला. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या दवाखान्यांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हा नियम आहे, कुणाची मेहेरबानी नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आहे. पण ज्याला ते हवं त्याला यातलं काही ठाऊक नसतं. रेशनकार्ड गावाकडं राहिलेलं, उत्पन्नाचा दाखला काढलेला नाही, आणि तोवर बिल वाढत जातं. तुम्ही हिशेबातले माणूस. महिन्यातले दोन रविवार एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाबरोबर बसून कागद लावून दिलेत, तर ते तुमच्या हजार रुपयांपेक्षा जास्त भरेल.

रक्ताचं वेगळं लिहिते, आत्ता कुकरच्या शिट्ट्या मोजतेय.

---

माणदेशी_माणूस

सिस्टर, डब्याला सलाम.

मी म्हसवडच्या बाजूचा. आमच्याकडं पुराचं दुःख नाही ओ, आमचं उलटं. २०१८च्या वॉटर कपला, म्हणजे पानी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, आमच्या तालुक्यातलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं. त्याआधी २०१६ला, पहिल्याच वर्षी, कोरेगावातलं वेळू. २०१८ला ८ एप्रिल ते २२ मे असं ४५ दिवस गावं राबत होती. १ मेला पुण्या-मुंबईची माणसं श्रमदानाला यायची. हातमोजे घालून, टोपी घालून, सेल्फी काढून.

आता कुणी म्हणेल हा टिंगल करतोय. नाही. ती माणसं आली याचं बरं वाटायचं. म्हातारी माणसं म्हणायची, आपलं गाव बघायला कुणी येतंय. पण एका दिवसात एका साहेबाकडून होतो अर्धा चर. आमचं घोडं अडायचं मशिनच्या डिझेलवर. हातानं जे होत नाही ते खोलीकरण मशिननं करायचं, आणि डिझेलला पैसे कुणी देत नाही कारण डिझेलचा फोटो निघत नाही. पुण्यातल्या एका मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, काय कमी पडतंय?" मी सांगितलं. त्यांनी एक बॅरल भरून दिलं आणि परत फावडं घेऊन चरात उतरल्या.

आणि आता त्या बांधांतला गाळ कोण काढणार? बक्षीस मिळालं त्या वर्षी सगळे होते.

---

यार्डातला_दिवाणजी

सिस्टर, तुमच्या धर्मादाय शब्दावरून आठवलं. आमचे जुने शेठ सांगतात, पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, हमाली, तोलाई यांच्याबरोबर धर्मादाय असा एक रकाना असायचा. कापलं जायचं शेतकऱ्याचं, आणि पाणपोईवर नाव लागायचं व्यापाऱ्याचं. वडिलांना या रकान्याचा फार राग. म्हणायचे, दुसऱ्याच्या पोत्यातलं काढून पुण्य केलं की वजन कमी भरतं.

---

कोरेगावची_लेक

आमचा अनुभव लिहू का? छोटाच आहे.

आम्हा बारा जणींची भिशी आहे. दर महिन्याला हजार. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीनं वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटायचे, असं वर्षानुवर्षं. घरात डब्यांत डबे आणि त्या डब्यांत झाकणं. गेल्या वर्षी ठरवलं की वाण बंद, आणि भिशीत दर महिन्याला १०० रुपये जास्तीचे. म्हणजे वर्षाचे १४,४०० होतात. त्यातून गावातल्या आठवी ते बारावीच्या मुलींचा एसटीचा पास काढून द्यायचा. तुम्हीही असं करू शकता दिवाणजी.

---

डबलबेल

ताई, एसटीत कंडक्टर आहे म्हणून बोलतो. गावाकडच्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी पास फुकटच असतो. अहिल्याबाई होळकर योजना. शाळेतून फॉर्म भरून घ्यायचा. तुम्ही नक्की कसले पैसे भरले?

---

कोरेगावची_लेक

अजून भरले नव्हते, जूनमध्ये भरणार होतो. 🙈 आज मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. त्या हसल्या, म्हणाल्या, "बरं झालं आधी विचारलंत." पासची अडचण नाहीच. मुलं गळतात ती बारावीनंतर, साताऱ्याला खोलीभाडं आणि मेस परवडत नाही म्हणून. आणि दहावीच्या मुलांपैकी सहा जणांना चष्मा लागलाय पण केलेला नाही, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मागं बसून राहतात. चष्मा! आमच्या बाराही जणींना हे सुचलं नसतं.

---

डबलबेल

मुलांना पास फुकट नाही बरं का, सवलत आहे, पण एक तृतीयांश पैसे भरावेच लागतात. धाकटा भाऊ घरी आणि बहीण शाळेत, असंही मी बघितलंय. उलटंच जास्त बघितलं, पण हेही.

---

विश्रामबागचा_सीए

पैशाचं बोलणं निघालंय तर कोरडा प्रतिसाद देतो.

१. ८०जीची, म्हणजे देणगीवरची, आयकरातली वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी निवडली असेल तर पावती फाइलला लावा, कराला उपयोग नाही. निम्मे लोक मार्चमध्ये माझ्याकडं पावत्या घेऊन येतात आणि हिरमुसून जातात.
२. जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांवरची रोख देणगी धरली जात नाही. चेक किंवा यूपीआय. धान्य, कपडे, वस्तू यांनाही वजावट नाही.
३. बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्याचीच वजावट मिळते, तीही मर्यादेत. मुख्यमंत्री सहायता निधीला पूर्ण.
४. साध्या पावतीवर भागत नाही. संस्थेनं १०बीई प्रमाणपत्र दिलं पाहिजे. ते देताना का-कू करणाऱ्या संस्थेकडं मी तरी दुसऱ्यांदा जात नाही.

महापुराच्या वेळी व्हॉट्सअपवर फिरणारे क्यूआर कोड स्कॅन करून पैसे गेलेली माणसंही माझ्याकडं आलीत. कोड स्कॅन केल्यावर वर नाव कुणाचं येतं ते वाचा. संस्थेच्या नावाऐवजी कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं तर तिथंच थांबा.

बाकी देणगी करासाठी देऊ नये, हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय.

---

बोर्डिंगवाला

सगळं वाचत होतो. लिहू की नको असं झालं होतं, कारण मी घेणाऱ्याच्या बाजूचा आहे.

मी साताऱ्याला रयतच्या वसतिगृहात राहून शिकलो. बाप ऊसतोडीला, आई त्याच्याबरोबर फडात. कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये काल्याला संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, हे आम्हाला पाठच. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट तर प्रत्येक नव्या पोराला पहिल्या आठवड्यातच ऐकायला मिळते. आम्ही कमवा आणि शिकामध्ये बागेत काम करायचो, बांधकामावर पाणी मारायचो. त्याचे पैसे जमा व्हायचे. त्या पैशाची मला आजही घमेंड आहे.

पण दुसरंही होतं. नववीत असताना एक मंडळ वह्या वाटायला आलं (कुठलं ते सांगत नाही). तीस पोरांना रांगेत उभं केलं. प्रत्येकाच्या हातात सहा वह्या, पाहुण्यांचा एक हात वहीवर, तोंड कॅमेऱ्याकडं. माझ्या वेळी फोटो हलला म्हणून वह्या परत घेतल्या आणि पुन्हा दिल्या. एवढंच. कुणी काही वाईट बोललं नाही. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला, खाली "गरीब व होतकरू". वर्गातल्या पोरांनी मला वर्षभर होतकरू म्हणून हाक मारली.

त्याच वर्षी एक बाई यायच्या. शिक्षिका असाव्यात, कधी नाव सांगितलं नाही. दर पंधरवड्याला रविवारी यायच्या आणि आमची इंग्रजीची पत्रं तपासायच्या. आम्ही त्यांना इंग्रजीत पत्र लिहायचं, त्या लाल पेनानं दुरुस्त करून खाली दोन ओळींचं उत्तर लिहायच्या. बरोबर कधी खाऊ आणला नाही. मी आज बँकेत आहे. वह्यांवर काय लिहिलं ते आठवत नाही, पण त्या लाल ओळी अजून ट्रंकेत आहेत.

दिवाणजी, जेवण घालायचं असेल तर जरूर घाला. फक्त पोरांना रांगेत उभं करून तुमच्या वडिलांच्या फोटोला नमस्कार करायला लावू नका. आम्ही तो करायचो. कुणाचे वडील ते विचारायचीही सोय नसायची.

---

शंकेखोर

होतकरू, तुमचं वाचून गप्प झालो. (चिडवत नाही, खरंच.)

पण माझा पगाराचा मुद्दा राहिलाच. वसतिगृहात रेक्टर असतो, स्वयंपाकीण असते, तो पैसा पोरांच्या ताटातून जातो की नाही?

---

बोर्डिंगवाला

दादा, स्वयंपाकीणबाईंना पगार नसता तर ताटात काय पडलं असतं?

---

अजिंक्यताऱ्याखाली

शंकेखोर, हा वाद आमच्या साताऱ्यात फार वर्षांपूर्वी होऊन गेलाय. डॉ. नरेंद्र दाभोलकर इथलेच. त्यांनी, बाबा आढावांनी, डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांच्यासारख्या मंडळींनी मिळून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. नटांनी नाटकाचे प्रयोग करून पैसे जमवले. आणि ते कुणाला दिले? शाळेला नाही, दवाखान्यालाही नाही. पूर्ण वेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन म्हणून. त्यानंही घरभाडं भरायचं असतं, त्याचीही पोरं शाळेत जातात. निधीच्या नावात कृतज्ञता आहे, दया नाही, ते मला फार आवडतं.

माझ्या ओळखीचा एक व्यसनमुक्तीत काम करणारा मुलगा दोन वर्षांत काम सोडून मोबाइल कंपनीत लागला. लोक त्याच्या केंद्राला पंखे देत होते. वर्षात अकरा पंखे आले. पगार तीन महिने थकला होता.

---

माणदेशी_माणूस

अकरा पंखे 😄 आणि अकराही पंख्यांवर कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ. वारं लागायच्या आधी नाव वाचायचं.

---

मिरजेची_सिस्टर

रक्ताचं राहिलं होतं. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी रक्त देता येतं. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा. बायका बऱ्याचदा तिथंच गळतात, त्यालाही इलाज आहे, पण तो वेगळा धागा होईल. सांगायचंय ते असं, की जयंती आली, नेत्याचा वाढदिवस आला की एका दिवसात शेकड्यानं बाटल्या जमतात. रक्त काही वर्षभर टिकत नाही. तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस, प्लेटलेट्स पाचच दिवस. मग एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, शिबिरं बंद, आणि थॅलेसेमियाच्या पोराची आई बाटलीसाठी फोन फिरवत बसते. तुम्हाला द्यायचंच असेल तर वाढदिवस सोडा, मे महिना धरा.

दिवाणजी, वडील गेले तेव्हा नेत्रदान झालं का? विचारावंसं वाटलं म्हणून विचारते.

---

यार्डातला_दिवाणजी

नाही झालं सिस्टर. रात्री अडीचला गेले. त्यांनी एकदा बोलून दाखवलं होतं, पण त्यांची शुगर होती, मोतीबिंदूही काढलेला. चालत नसेल असं वाटलं. आणि त्या वेळी कुणाला काय सुचतंय?

---

मिरजेची_सिस्टर

चाललं असतं हो. मधुमेह, चष्मा, मोतीबिंदू, कशानं अडत नाही. सहा तासांच्या आत बुबुळ काढावं लागतं. तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर थोडं उंच. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांत होतं, चेहरा विद्रूप होत नाही.

तुम्हाला टोचावं म्हणून नाही लिहिलं. वाचणारे आणखीही आहेत, त्यांनी नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा. तो रात्री अडीचला शोधायची वेळ येऊ नये.

---

यार्डातला_दिवाणजी

मंडळी, महिन्यानं परत आलोय. काय झालं ते सांगतो.

भावकीशी भांडण झालं. सगळं सांगत नाही, पण आत्या अजून बोलत नाही. श्राद्ध घरचं झालं, चाळीस पानांवर. त्याला ११ हजार गेले.

मग आई आणि मी एका मुलांच्या वसतिगृहात गेलो. पिशवीत पाच किलो बुंदीचे लाडू, कारण आईला रिकाम्या हातानं जाववेना. बोर्डिंगवाल्यांचं डोक्यात होतं, म्हणून रेक्टरना बाजूला घेऊन विचारलं, काय अडलंय? ते आधी म्हणाले, काही नाही, तुमचा आशीर्वाद. हे पालुपद तीनदा झालं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी आम्हाला मागं नेलं. बोअरची मोटर जळालेली. बारा दिवस पोरं हापशावरून पाणी आणत होती, परीक्षा तोंडावर. लाडू ठेवायला गेलो तर कपाटात आधीच तीन पेढ्यांचे बॉक्स, त्या आठवड्यात तीन वाढदिवस येऊन गेलेले.

मोटर रिवाइंड करायला आणि नव्या स्टार्टरला मिळून ७,८०० लागले. पैसे थेट मोटरवाल्याला दिले, बिल संस्थेच्या नावानं. विश्रामबागवाले साहेब, माझी नवी करप्रणाली आहे, त्यामुळं हिरमुसलो नाही.

आईला मात्र चैन पडेना. "बापाचं नाव कुठं लिहिणार? मोटर तर पाण्यात." रेक्टर फारच भले, म्हणाले टाकीवर रंगवून घेऊ. मी नको म्हटलं. आईनं तेवढ्यात एका पोराकडून खडू मागून घेतला आणि टाकीच्या खालच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, वडिलांचा तोलाईचा बिल्ला नंबर लिहिला. नाव नाही, नंबर. पावसात जाईल म्हणा.

उरलेल्यातले १५ हजार कोरेगावच्या ताईंकडं चष्म्यांना. सहाचे चौदा झालेत म्हणे, नीट तपासणी केल्यावर. राहिलेले ६,२०० ठेवलेत तसेच, पुढच्या पावसाळ्यात खराटे-खोऱ्यांना लागतील. महिन्याच्या हजाराचं म्हणाल तर माणदेशींना विचारलंय गाळाचं. आणि दोन रविवार मिरजेला जाऊन आलो. पहिल्या रविवारी जतच्या एका गृहस्थांच्या रेशनकार्डावर बायकोचं नाव चुकलं होतं, त्यातच चार तास. दुसऱ्या रविवारी काहीच काम निघालं नाही, डबे पोचवून आलो.

---

शंकेखोर

तो एचटीपी पंप माझ्या साडूकडं आहे, पलूसला. पावसाळ्यात लागला तर सांगा. मी येईन बरोबर, मला ट्रॅक्टर चालवता येतो.

---

मिरजेची_सिस्टर

दिवाणजी, पुढच्या रविवारी जरूर या, पण येताना डबे घेऊन या. मागच्या वेळचे तीन तुमच्या गाडीच्या डिकीत राहिलेत आणि मी दोन दिवस पातेल्यांत भाजी पाठवतेय.